हार्ट अटॅकनंतरचे जगणे : नवशिक्यांसाठी

अभिनंदन. तुम्ही घरी आलात. अँजिओप्लास्टी नगरच्या आनंदऋषीजींमध्ये झाली असो की शिर्डीच्या साईबाबा रुग्णालयात, खर्च महात्मा फुले योजनेतून भागला असो की कांद्याच्या पट्टीतून. यापुढचा अभ्यासक्रम सगळ्यांना सारखाच आहे.

सुरुवात पडून राहण्यापासून करा. डॉक्टरांनी उठून फिरायला सांगितले असेल, पण पारनेरहून मामा निघालेत आणि हिंडता-फिरता पेशंट बघायला कोणी एसटीचे तिकीट काढत नाही. पाहुणे शहाळे आणतील, बिस्किटाचा पुडा आणतील आणि ‘आमच्या साडूचं अगदी असंच झालं होतं’ ही गोष्ट आणतील. गोष्टीचा शेवट विचारू नका. तुमची गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. ‘गॅस असेल म्हणून इनो घेतला’ हे वाक्य त्यात असतेच. (ते सांगायला मागे उरलेला माणूस नशीबवान. पुन्हा छाती भरून आली, घाम फुटला, हातात कळ गेली, तर इनो नाही, 108 लावायचा.)

मग विषय येतो पंपिंगचा. टूडी इकोच्या कागदावर ‘45 टक्के’ दिसले की सगळे घर निकाल लागल्यासारखे गप्प होते. पस्तीसला पास होऊन आयुष्य काढलेला थोरला भाऊही मान हलवतो. या पेपरात शंभरपैकी शंभर कोणालाच नसतात. चांगले हृदयसुद्धा एका ठोक्याला आतले सगळे रक्त बाहेर फेकत नाही. 55 ते 70 टक्के म्हणजे उत्तम. तेव्हा तुमचे 45 थोडे कमी आहेत, चांगल्या हृदयाच्या निम्म्याहून कमी नाहीत. शिवाय अटॅकनंतर लगेच काढलेला आकडा काही आठवड्यांनी पुष्कळदा सुधारतो. हे तुम्ही समजावून सांगाल. तरी शेजारच्या काकू ‘अर्धंच चालतंय म्हणे’ असे गल्लीभर सांगणार, त्याला इलाज नाही.

गोळ्यांचे सोपे आहे, म्हणून तिथेच बहुतेक जण नापास होतात. बरे वाटले की बंद, असा आपला रिवाज. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर असतात. ‘गरम पडतात’ म्हणून किंवा दाढ काढायची म्हणून त्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. आत बसवलेल्या जाळीत गुठळी धरायला तेवढे निमित्त पुरते. तंबाखूची डबी सुनेच्या हवाली करावी. दुसरी डबी गोठ्यात कुठे आहे ते न सांगणे, हा नवशिक्यांचा नेहमीचा घोटाळा.

जेवणात तुमचे लोणचे-पापड बंद होतात, म्हणजे शेजारच्या ताटात जातात. तुमच्यापुढे दुधी, आणि आतून शिपी आमटीचा वास. भाकरी चुरून, वर तर्री ओढून मुलगा भुरके मारतोय. त्याचा बीपी शेवटचा कधी मोजला होता, हे त्याला जरूर विचारा.

चालायला लागल्यावर बादली उचलू नका, जिना चढू नका, शेताकडे जाऊ नका, असे हुकूम सुटतील. जाळी तुमच्या छातीत, धास्ती मात्र घरातल्यांच्या. चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, ही गती ठीक. बायको चार पावले मागून फोन धरून येईल. तिच्याशी बोला, म्हणजे मोजमापही होईल.

एक प्रश्न दोघांच्याही मनात असतो आणि दवाखान्यात कोणीच काढत नाही. दोन मजले दम न लागता, छातीत न दुखता चढता आले, तर बहुधा हरकत नसते. पण विचारून घ्या. मात्र जिभेखालची गोळी घेणाऱ्याने व्हायग्राच्या वाटेला जाऊ नये. दोन्ही मिळून बीपी जिवावर बेतेल इतका खाली आणतात. रात्री दोनला जाग येते, उगाच रडू येते, हेही डॉक्टरांना सांगावे. अटॅकनंतर मन खचणे नेहमीचे आहे, त्यालाही उपचार आहेत.

राहिला योग. देशातल्या 24 रुग्णालयांतल्या 3,959 अटॅकच्या रुग्णांवर योग-पुनर्वसनाची चाचणी झाली. निष्कर्ष 2020 मध्ये आले. मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्यात ठोस फरक दिसला नाही. पण योगवाले आपापल्या जुन्या कामांना जास्त प्रमाणात परतले आणि स्वतःच्या तब्येतीला त्यांनी सरासरी दीडेक गुण जास्त दिले. एवढ्याशा दीड गुणाला कोणी हसेल. मी हसणार नाही. इथे गुण देणारा पेशंट स्वतः असतो. 0 ते 100 अशी उभी पट्टी समोर ठेवतात आणि विचारतात, आज तब्येत कशी आहे, खूण करा.

तुमच्यापुढे अशी पट्टी आली तर पेन चटकन उचला. उशीर झाला, तर सोबत आलेला मेव्हणा सांगून मोकळा होईल, ‘‘दाजींचं साठ धरा, डॉक्टर.’’