आरोग्याशिवाय दहावी पास नको

नोव्हेंबर 2022 मध्ये बेंगळुरूच्या खासगी शाळांनी आठवी ते दहावीच्या मुलांची दप्तरं अचानक तपासली. शोधायचे होते मोबाइल. हाती लागले निरोध, गर्भनिरोधक गोळ्या, सिगारेटी, लायटर आणि नशेसाठी हुंगायचं व्हाइटनर. तपासणी करायला शाळाचालकांच्या 'कॅम्स' या संघटनेनेच सांगितलं होतं. बातमी देशभर गाजली. पालकांना तातडीने बोलावणी गेली, मुलांना काही दिवस रजा द्या आणि समुपदेशन करून घ्या असं सांगण्यात आलं. शाळेतून काढून टाकण्याचा मार्ग धरला नाही, ही त्यातली चांगली गोष्ट.

आता त्याच दप्तरातलं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढा. कर्नाटकात ते एनसीईआरटीचंच चालतं. सजीवांच्या प्रजननाचा धडा त्यात आहे. निरोध आहे, तांबी आहे, गोळ्या आहेत, एचआयव्हीही आहे. जी वस्तू पाहून शाळा हादरली, तिचं नाव आणि तिचं काम सरकारी पुस्तकात छापलेलं होतं. पण हा धडा "घरी वाचून या" म्हणून उरकणारे शिक्षक कोणाला माहीत नाहीत? मुलांनी आकृतीला नावं द्यायची, दोन मार्क घ्यायचे आणि बाकीचं मोबाइलवर शिकायचं. अशाने मोबाइल हाच वर्गशिक्षक होतो. त्याला आपण नेमलेलं नाही आणि तो आपल्याला उत्तर देणारही नाही.

पुढच्या दोन महिन्यांत आणखी एक बातमी आली: अठरा वर्षांखालच्यांना निरोध आणि गोळ्या विकायला मेडिकलवाल्यांना कर्नाटकात बंदी. ओरड झाली. मग औषध नियंत्रण खात्याला खुलासा करावा लागला की बंदी नाही, दुकानदारांनी मुलांना समजावून सांगावं एवढंच म्हणणं आहे. म्हणजे शाळेने जे वर्षभरात सांगायचं, ते गर्दीच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने अर्ध्या मिनिटात सांगायचं. ही जबाबदारी त्याच्या गळ्यात का?

माझं म्हणणं सरळ आहे. दहावीचा दाखला हवा असेल तर आरोग्यशिक्षण पुरं केलेलं असलंच पाहिजे. ऐच्छिक नको, शनिवारचं एखादं भाषण नको आणि श्रेणीचा कोपराही नको. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा, 625 मार्कांची. पहिल्या भाषेला 125, बाकी पाच विषयांना शंभर-शंभर. या 625 मध्ये जे बसत नाही, ते या शहरात शिकवलंच जात नाही. जानेवारी उजाडला की पी.टी.चा तास गणिताच्या मिस घेतात, कारण पोर्शन राहिलाय. पालकही खूश. मुलाने तक्रार केली तर घरातलेच त्याला गप्प करतात.

महाराष्ट्राने फार वेगळं केलंय असं समजू नका. तिथे दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे. त्यात 'अ' न मिळालेलं मूल मला अजून भेटलेलं नाही. सीबीएसईने 2018 मध्ये नववी ते बारावीला आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा रोज एक तास सक्तीचा केला. खेळ, तंदुरुस्ती, सेवाकार्य, आरोग्याची नोंदपत्रकं असे त्याचे चार भाग. आराखडा उत्तम आहे. पण परीक्षा नाही, श्रेणी शाळाच देणार, त्यामुळे तास झाला की नाही हे शाळेलाच ठाऊक. केंद्राचा शालेय आरोग्य कार्यक्रम फेब्रुवारी 2020 मध्ये आला: अकरा विषय, दर शाळेत दोन प्रशिक्षित शिक्षक, आठवड्याला एक तास, वर्षाला चोवीस तास. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. आज तुमच्या जवळच्या सरकारी शाळेत ते दोन शिक्षक कोण, हे शेजारच्या वर्गावरचे तरी सांगू शकतील का?

लैंगिक शिक्षणाच्या नावाने इथलं राजकारण 2007 मध्येच बिथरलं. किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम कर्नाटकाने थांबवला, महाराष्ट्रानेही थांबवला. तेव्हाचे इथले शिक्षणमंत्री बसवराज होरट्टी यांचं म्हणणं होतं, हे पाश्चात्त्यांना ठीक, आपल्या संस्कृतीला नको. तेव्हा दहावीत असलेली मुलं आज आई-बाप झालीत. त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि आता त्यांनी आपल्या मुलांना सांगावं अशी आपली अपेक्षा आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं की नववीपर्यंत थांबू नका, लहान वयापासून शिकवा. मराठी घरांना तर संस्कृतीची सबब सांगायची सोयच नाही. र. धों. कर्व्यांनी लैंगिक आरोग्यावरचं 'समाजस्वास्थ्य' मासिक 1927 मध्ये सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. हीदेखील आपलीच संस्कृती.

पण आरोग्यशिक्षण म्हणजे फक्त लैंगिक शिक्षण असं धरून भांडत बसलो की बाकीचं सगळं मागे पडतं. सरकारी शाळेत आठवड्याला एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी घ्या. कर्नाटकात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. देशात हा आकडा 59.1 टक्के. गोळी फुकट आहे, औषध जुनं आणि खात्रीचं आहे. तरी ती बाकाखाली का जाते? कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं, दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं आणि मुलगी घाबरते. घरी आई म्हणते, "नको घेऊस मग." जेवल्यावर घे, वर लगेच चहा पिऊ नकोस, लिंबू चालेल, काळं होणं हे लोहामुळे असतं, घाबरायचं कारण नाही. एवढी चार वाक्यं कोणी आधी बोललं तर तीच मुलगी गोळी मुकाट्याने घेईल. गोळ्या पुरवायला खाती धावतात, पण ही चार वाक्यं सांगायला नेमका कोणी नसतो.

सक्तीने काही होतं का, असं विचारणाऱ्यांनी डेन्मार्क पाहावं. 2005 मध्ये तिथे शाळेत हृदय पुन्हा सुरू करायचं प्राथमिक प्रशिक्षण, म्हणजे सीपीआर, कायद्याने सक्तीचं झालं. पाठोपाठ वाहन परवान्यालाही ती अट लागली. रस्त्यात किंवा घरात कोणाचं हृदय थांबलं तर आसपासच्यांनी सीपीआर देण्याचं प्रमाण 2001 मध्ये 21 टक्के होतं, ते 2010 मध्ये 45 टक्क्यांच्या आसपास गेलं. रुग्ण वाचण्याचं प्रमाणही वाढलं. श्रेय एकट्या शाळांचं नाही, कारण कायद्यानंतर आठ वर्षांनी पाहिलं तर जेमतेम तीसेक टक्के शाळांनीच हे शिकवणं पुरं केलं होतं. बाकीच्यांचा कायदा कागदावरच राहिला. म्हणूनच मी अट शाळेवर टाकून थांबत नाही, ती दाखल्याला जोडा म्हणतो. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार 29 ऑक्टोबर 2021 रोजी शेहेचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडून गेले तेव्हा हे शहर रडलं, इस्पितळांत तपासण्यांसाठी रांगा लागल्या. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर हात कुठे ठेवायचा, हे त्या रांगेतल्या किती जणांना येत होतं?

आता आक्षेप. मुलांवर ओझं, आणखी एक पेपर, आणखी एक ट्यूशन. पेपर नकोच. घोकायला काही ठेवलं की राजाजीनगरपासून व्हाइटफील्डपर्यंत त्याचे क्लास निघतील. करून दाखवायचं ठेवा. पुतळ्यावर दोन मिनिटं सीपीआर. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत आणि मात्रा वाचणं. स्वतःचं हिमोग्लोबिन किती आणि त्याचा अर्थ काय. नको असलेला स्पर्श झाला तर कोणाला सांगायचं. मुलांसाठीचा 1098 हा नंबर तोंडपाठ, आणि मन फार खाली गेलं तर 14416, म्हणजे टेलिमानस, ज्याचं शिखर केंद्र इथेच निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत आहे. नाही जमलं तर नापास करू नका. पंधरा दिवसांनी परत घ्या, जमेपर्यंत घ्या. दाखला त्यानंतर.

शिक्षक कुठून आणायचे, हा खरा प्रश्न. त्याचंही उत्तर याच शहरात आहे. निम्हान्सने शाळांतल्या शिक्षकांनाच तयार करून जीवनकौशल्यं शिकवण्याचा कार्यक्रम उभा केला. 2010 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात तो घेतलेली 605 मुलं आणि न घेतलेली 423 मुलं वर्षभरानंतर ताडून पाहिली. शिकलेल्यांचा स्वतःविषयीचा विश्वास, ताण पेलण्याची ताकद, शाळेशी आणि शिक्षकांशी जुळवून घेणं सरस ठरलं. घरी आणि मित्रमंडळीत फारसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. मला त्यात एवढं दिसतं की हे काम नेहमीच्या शिक्षकाला जमतं, त्याला आधी शिकवलं आणि वेळापत्रकात तास दिला तर. तो तास मिळवून देणं मल्लेश्वरमच्या परीक्षा मंडळाच्या हातात आहे. 625 मार्कांना हात लावायची गरज नाही. दाखल्यावर एक रकाना वाढवला आणि तो रिकामा असेल तर दाखला अडवला, की पुढचं शाळा आपोआप करतील.

मंडळ ते करेपर्यंत पालकांनी थांबू नये. बेंगळुरूतल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं सीबीएसईच्या शाळेत आहेत. येत्या पालकसभेला मार्कांची चर्चा झाली की मुलाचं आरोग्याचं नोंदपत्रक दाखवा म्हणा. आरोग्याचा तास कोणत्या वारी असतो आणि मागच्या महिन्यात त्यात काय शिकवलं, हे विचारा. मुलगा सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर त्या दोन प्रशिक्षित शिक्षकांची नावं विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर डायरीत लिहून मागा, खाली सही आणि तारीख घ्या.