टेम्पोतून कोकण कसं पाहावं

डिसेंबर-जानेवारीत अलिबागहून गोव्याकडे निघालेल्या सायकलींच्या प्रत्येक जथ्यामागे एक टेम्पो असतो. त्यात बॅगा, पाण्याचे जार, केळी, पंप आणि सुट्या ट्यूब असतात. हा टेम्पो सामानासाठी आहे असा नवख्यांचा समज असतो. तो तुमच्यासाठी आहे. त्यात शक्यतो पहिल्याच दुपारी सन्मानाने कसं बसावं, ते इथे सांगितलं आहे.

सराव फक्त रविवारी करा. शनिवारी 70 किलोमीटर आणि लगेच रविवारी पुन्हा 70, असले प्रकार टाळा. त्यामुळे आदल्या दिवशीच्या थकलेल्या पायांनी पॅडल मारायची सवय लागते आणि टूरमध्ये नेमकं तेच करायचं असतं. रस्ता सपाट निवडा. नवी मुंबईकरांना पाम बीच रोड आहेच. पुणेकरांनी सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खाऊन मागे फिरावं. कोकणचा रस्ता समुद्राकाठून जातो म्हणजे सपाटच असणार, यावर गाढ श्रद्धा ठेवा. प्रत्यक्षात तो खाडीपाशी उतरतो, पुलावरून किंवा फेरीबोटीने पलीकडे जातो आणि लगेच सड्यावर चढतो. मग पुढची खाडी येते. एकही चढ घाट म्हणण्याएवढा लांब नाही, म्हणून कोणी त्यांची मोजदाद करत नाही. दुकानदार मागे मोठ्या दात्यांची कॅसेट बसवा म्हणाला, तर तो माल खपवतोय असं समजा.

सीट आणि पॅडवाली शॉर्ट्स दोन्ही निघण्याच्या आदल्या दिवशी घ्या. शॉर्ट्सच्या आत नेहमीची अंडरवेअर घाला. तिची शिवण दिवसभर आपलं काम चोख बजावते. व्हॅसलीन घरीच राहू द्या.

आता मुख्य विषय: वेग. पहाटे झेंडा दाखवला जातो, फोटो निघतात आणि चौल-रेवदंड्यापर्यंत रस्ता सुपारीच्या वाड्यांतून गारव्यात पळत असतो. या टप्प्यावर ताशी 28-30 चा वेग सहज मिळतो, तो सोडू नका. कोणी पुढे गेलं की त्याच्या मागच्या चाकाला चिकटा. धाप न लागता एक पूर्ण वाक्य बोलता येतं का, ही जुनी परीक्षा चुकूनही घेऊ नका. नापास व्हाल आणि वेग कमी करावा लागेल. रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई मागे पडलं की काशीदच्या बाजूचे चढ सुरू होतात. गारवा तोवर संपलेला असतो.

एवढं करून तुम्ही मुरुडच्या पुढे आगरदांड्याच्या जेट्टीवर सर्वांत आधी पोचता आणि थांबता. कारण दिघीला जायला फेरीबोट आहे, टेम्पोलाही त्याच बोटीत चढायचं आहे आणि टेम्पो शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे येतो. म्हणजे केळीही त्याच्याबरोबरच येतात. तासाभराने ती मागची मंडळी उगवतात. त्यांनी वाटेत शहाळी प्यायलेली असतात, काशीदच्या किनाऱ्यावर फोटो काढलेले असतात. तोवर तुमच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात. मग सगळे एकाच बोटीतून एकाच वेळी दिघीला उतरतात. पुढे बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथेही हेच होतं. या किनाऱ्यावर लवकर पोचण्याचा काडीचाही उपयोग नाही, हा हिशेब मनात येऊ देऊ नका. पुढच्या जेट्टीवरही पहिले या.

गटात साठी ओलांडलेले एक काका बहुधा असतातच. त्यांच्यापासून दूर राहा. ते चढ दिसण्याआधीच हलका गिअर टाकतात, भूक लागण्याआधी खिशातली चिक्की मोडून खातात, पाण्यात मीठ-साखर घालतात आणि थांब्यावर दहा मिनिटांत उठतात. वाईट सवयी अशाच लागतात. तुम्ही भूक लागेपर्यंत काही खाऊ नका. मग जेवणाच्या थांब्यावर सुरमई थाळी, जादा भात, दोन वाट्या सोलकढी असा बेत करा आणि दुपारी दोनच्या उन्हात चढाला लागा. अर्ध्या चढावर मांड्यांत गोळे आले की समजा, तयारी फळाला आली.

टेम्पो शेजारी येऊन थांबेल. ड्रायव्हर काही विचारत नाही, फक्त मागचं फळकं उघडतो. सायकल आडवी ठेवताना डिरेल्युअरची बाजू वर येईल असं बघा, नाहीतर ते वाकतं. ही सूचना मात्र खरोखरच पाळा. ड्रायव्हरशेजारी दोघांपुरतीच जागा असते, बाकीच्यांना बॅगांवर बसावं लागतं. गोव्यापर्यंत खिडकी हवी असेल, तर पहिल्या दिवशीच जरा जोरात चालवा.