लळिंगच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्या देवपूरकरास

भाऊ,

तुझं नाव मला माहीत आहे. तुझ्याबरोबरच्या मुलीचंही माहीत आहे. दोन्ही नावं लळिंगच्या किल्ल्यावर, पडक्या दरवाजाच्या आतल्या भिंतीवर, वीतभर उंचीच्या अक्षरांत आहेत. मधे बदाम, बदामातून आरपार गेलेला बाण, आणि खाली गाव : देवपूर, धुळे. तरीही मी ती नावं इथे लिहिणार नाही. आपलं नाव चारचौघांच्या नजरेला पडावं याच हौसेपायी तू ती भिंत खरवडलीस; ती हौस मी छापून पुरवणार नाही. मुलीचं नाव तर मुळीच नाही. उद्या तिच्या घरच्यांनी ते वाचलं तर जाब तिला विचारतील, तुला नाही. कोरताना हा विचार तुझ्या मनाला शिवलाही नसेल.

मीही देवपूरचाच. पांझरेच्या एकाच काठावर आपली घरं आहेत, एकवीरेच्या यात्रेत आपण एकाच गर्दीत उभे असतो. त्या गावकीच्या नात्याने तुला भाऊ म्हणतो आणि त्याच नात्याने चार शब्द सुनावतो.

पुण्याहून भाची, जावई आणि त्यांचा लेक शनिवार-रविवार जोडून आले होते. ‘धुळ्यात बघण्यासारखं आहे तरी काय?’ हे पाहुण्यांनी विचारायच्या आधी आपण धुळेकर स्वतःच बोलून मोकळे होतो. मला ते एकदा खोडून काढायचं होतं. शनिवारी तापीकाठी थाळनेरला नेलं. फारुकी सुलतानांच्या कबरी दाखवल्या. 1818 साली इंग्रजांनी किल्ला घेऊन तुळशीराम मामा या किल्लेदाराला फाशी दिलं, ती जागा दाखवली. रात्री घरी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. रविवारी ऊन चढायच्या आत लळिंग. आग्रा रोडने सुमारे 10 किलोमीटर, मग गावातून चढण, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि वर पोचल्यावर धुळ्याचा सगळा मुलूख पायाशी. मुलगा हरखून गेला होता. दरवाजाच्या आत त्याने भिंतीवरचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ‘आजोबा, हा इथला राजा होता का?’

काय सांगायचं होतं त्याला, तूच सांग. मग त्याने खालची ओळ वाचली. ‘देवपूर म्हणजे आपलंच देवपूर ना?’ हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दोन दिवस ज्या गावाबद्दल मी त्याला भरभरून सांगत होतो, त्या गावाचा खरा परिचय तू भिंतीवर आधीच लिहून ठेवला होतास.

उतरल्यावर पायथ्याशी एका घरी पाणी मागितलं. म्हातारीने तांब्या दिला. वरच्या नावांचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, ‘आठे रोज कोनी ना कोनी येस नि नाव लिखी जास, दादा.’ पाऊस येतो, ढोरं चरून जातात, तसं हेही होतं, अशा सुरात तिने ते सांगितलं. गडाखाली राहणाऱ्या माणसालाही आता यात काही वावगं वाटेनासं झालंय, हे मला फार लागलं.

तुझं काम मी जवळ जाऊन पाहिलं. पहिलं अक्षर खोल आहे, तिथे जोर होता. पुढे रेघ थरथरत गेली आहे. मधेच हत्यार बदललेलं कळतं. आधी किल्ली असावी, नंतर दगड. बदामाच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा गिलावा सुटून पडलाय आणि आतला दगड उघडा झालाय. खाली त्याचा चुरा अजून पडलेला आहे. हे पाच मिनिटांचं काम नाही. एवढ्या वेळात एकदाही थांबावंसं वाटलं नाही? बरोबरच्या कुणी ‘बस कर’ म्हटलं नाही? की ते मोबाइलवर शूटिंग करत होते?

त्या तळहाताएवढ्या जागेची किंमत ऐक. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वर्षानुवर्षं घट्ट होत जातो, त्याचा वरचा थर पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. पाऊस त्या थरावरून घरंगळून जातो. तू तो थर फोडलास. आता पावसाळ्यात पाणी आत शिरेल, सांध्यांतला चुना धुऊन नेईल. भोवतीचा गिलावा पापुद्र्यांनी सुटेल, फटीत पिंपळाचं बी पडेल, आणि पिंपळाचं मूळ एकदा आत गेलं की घडीव दगडही जागचा हलतो. जुनी भिंत अशीच ढासळते. लळिंगची ढासळेल तेव्हा सुरुवात कोणी केली याचा शोध घ्यायला नको. नाव-गाव तिथेच आहे.

‘पडकी भिंत तर होती, तिचं काय एवढं?’ हे तुझं उत्तर मी ऐकून आहे. तुझ्यासारखे सगळे हेच म्हणतात. तर ती कुणाची होती ते समजून घे. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा 1399 साली वारला. त्याने थाळनेर धाकट्या मुलाला दिलं आणि लळिंग थोरल्याला. हा थोरला म्हणजे नासिर खान. त्याने पुढे असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं. 1601 साली अकबराने असीरगड जिंकून हे घराणं संपवलं, तोवर दोनशे वर्षं खानदेशचा कारभार त्यांच्या हाती होता. ज्या प्रदेशाचं नाव आपण अभिमानाने सांगतो, त्याच्या सत्तेचं एक मूळ घर तुझ्या घरापासून मोटरसायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. तिथे जाऊन तुला दिसली ती फक्त मोकळी जागा.

दगडावर नाव कोरणं हाच गुन्हा, असं मी म्हणत नाही. आपल्या मुलखात ती रीत दोन हजार वर्षांची आहे. चाळीसगावजवळच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे पैठणच्या मितदेवाचं नाव कोरलेलं आहे. तो सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घरचा. त्याने खांबाचा खर्च दिला होता. तिथेच सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर कण्हदास सोनाराचं नाव आहे, कारण मूर्ती त्याने घडवली होती. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिच्याबरोबर कण्हदासही तिथे पोचला. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यावर वासिठीपुत कटहादीचं नाव आहे. लेण्याचं दर्शनी तोंड त्याने दान केलं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणच्या देवळातला शके 1128 चा शिलालेख तर आपल्या जिल्ह्यांचं भूषण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, निकुंभ राजाने त्याला उत्पन्न लावून दिलं, आणि त्याची नोंद शेवटी त्या काळच्या मराठीत आहे. त्या एका दगडामुळे भास्कराचार्यांच्या घरातल्या पिढ्या आज आपल्याला सांगता येतात.

या सगळ्यांची नावं दगडावर आहेत, कारण आधी त्यांनी काही दिलं. कुणी खांब दिला, कुणी मूर्ती घडवली, कुणी पोरांना गणित शिकवायची सोय केली. तू लळिंगला काय दिलंस?

तुझ्या जातकुळीचा माणूस अजिंठ्याला एक होऊन गेला. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, त्याला ती लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यातल्या रंगवलेल्या चित्रावर त्याने आपलं नाव आणि तारीख खरडली. तेव्हा आत मातीचा ढिगारा होता, त्यावर उभं राहून लिहिल्यामुळे ते आज डोक्याच्याही वर दिसतं. अजिंठ्याचं चित्र म्हणजे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. टोकदार वस्तू फिरली की रंग गेला तो गेलाच. ‘पण त्याचं नाव राहिलं ना?’ राहिलं. तिथले लोक बॅटरीचा झोत टाकून ते दाखवतात आणि त्याने काय खराब केलं ते सांगतात. अशा नावाची तुला हाव आहे का?

त्याच लेण्यांत दुसरा एक इंग्रज आला, रॉबर्ट गिल. 1844 पासून तो तिथली चित्रं मोठमोठ्या कापडांवर हुबेहूब उतरवत बसला. उष्मा, ताप, वटवाघळं सोसून त्यातच त्याने आयुष्य काढलं. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून तिथे ठेवलेली त्याची बहुतेक चित्रं जळून गेली, तरी त्याने पुन्हा काम हाती घेतलं. 1879 साली तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे. एकाच जागेचा मोह दोघांना पडला. एकाने चाकू काढला, दुसऱ्याने कुंचला.

हे आपल्याकडेच होतं असं म्हणून अंग काढून घेऊ नकोस. 2023 च्या जून महिन्यात रोममध्ये एका पर्यटकाने आपलं आणि मैत्रिणीचं नाव कोलोसियमच्या भिंतीवर किल्लीने कोरलं. कुणीतरी त्याचं चित्रण केलं, सगळ्या जगाने ते पाहिलं, पोलिसांनी त्याला शोधून काढलं. मग त्याने माफीचं पत्र लिहिलं, की ही इमारत इतकी जुनी आहे हे मला ठाऊक नव्हतं. कोलोसियम! शाळेच्या पुस्तकात ज्याचं चित्र असतं ते! तू निदान ही सबब पुढे करू नकोस. लळिंग जुना आहे हे देवपूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

कायदाही सांगून ठेवतो. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाची नासधूस केली तर 2010 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अजिंठा, पितळखोरं ही अशीच स्मारकं आहेत. पण शिक्षेच्या भीतीने तू थांबावंस यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. भीतीने थांबणारा माणूस पहारेकरी नसलेली भिंत शोधतो, आणि खानदेशात तशा भिंती पुष्कळ आहेत.

तुला नाव मागे ठेवायचं आहे ना? मग पांझरेचा पूल ओलांडून धुळ्यात ये. इतिहासाचार्य राजवाडे इथेच 31 डिसेंबर 1926 रोजी गेले. हा माणूस महाराष्ट्रभर पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरचे, फडताळांतले कागद गोळा करत फिरला, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे बावीस खंड त्यातून उभे राहिले. त्या कागदांत राजवाड्यांचं नाव कुठेच नाही. ती सगळी दुसऱ्यांची पत्रं, दुसऱ्यांच्या सह्या. ते गेल्यावर धुळेकरांनी लगेच, 1927 साली, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ काढलं. 1932 साली इथल्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. पुस्तक विनोबांच्या नावावर आहे, आणि गुरुजींचं नाव त्यामुळे कुठे कमी झालं? नाव कसं राहतं हे शिकायला धुळ्याच्या माणसाला गावाबाहेर जायची गरज नाही.

आता काय करायचं ते सांगतो. घाईघाईने ते पुसायला जाऊ नकोस. घासलंस तर राहिलेला गिलावाही निघेल. सिमेंट किंवा ऑइल पेंट फासलास तर आतली ओल कोंडून भिंत आणखी सडेल. ते पुरातत्त्व खात्याच्या जाणत्या कारागिरांचं काम आहे. त्यांच्या कार्यालयात जा आणि हे मी केलं आहे असं स्वतःच्या तोंडाने सांग. नाव-गाव उघड लिहायची हिंमत तू भिंतीवर दाखवलीस, ती तिथेही दाखव.

आणि त्यानंतर रविवारी सकाळी लळिंगच्या दरवाजात जाऊन उभा राहा. पावसाळ्यात गड हिरवा होतो तेव्हा झुंडीच्या झुंडी येतात, देवपूरच्याही येतात. कुणाच्या खिशातून किल्ली निघाली की त्याचा हात धर. भिंतीकडे बोट दाखवून सांग, ‘हे नाव माझं आहे आणि मला त्याची शरम वाटते.’ माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं ते ऐकणार नाहीत, खात्याची पाटी वाचणार नाहीत. तुझं ऐकतील.

तुझाच गाववाला,
एक देवपूरकर