व्हॉल्व्हकाका

प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक असतातच. तीन किका फुकट गेल्या, की चौथीला ते जिना उतरतात. आमचे उतरतात ते लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन. टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग निकाल : "व्हॉल्व्ह."

मिक्सर घरघरला, व्हॉल्व्ह. लिफ्ट अडकली, व्हॉल्व्ह. माझा खोकला आठवडाभर हटेना, तेव्हा काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात. मी मागच्या खोलीत पळालो. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंची स्कूटर बंद पडली, तेव्हाही तेच.

"काका, टू-स्ट्रोकला असे व्हॉल्व्ह नसतात हो. पिस्टनच वरखाली होताना भोकं उघडतो-झाकतो."

काका शांतपणे म्हणाले, "म्हणूनच चालत नाहीये."

गेल्या पावसाळ्यात पाळी माझ्या बाइकची आली. फोर-स्ट्रोक, शंभर सीसी. सकाळी सुरू व्हायला नखरे, सिग्नलला मान टाकायची, कात्रजच्या चढाला धाप. गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कार्बुरेटर धुतला, पैसे घेतले. गाडी होती तशीच.

काका उतरले. निकाल ठरलेला. मी हात जोडले. पण या वेळी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चावी बंद करून किक हाताने हळू दाबली. "लोण्यात बोट घातल्यासारखी जातेय. कॉम्प्रेशनच नाही." मग टॅपेट उघडून ०.०५ मिलिमीटरची पट्टी सरकवून पाहिली. फट मिटली असेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. तेवढ्यासाठी हेड कशाला खोलायचं? फट बरोबर होती. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं, प्लग आवळला, पुन्हा किक. तरी लोणीच. "रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट भरली असती, किक जड लागली असती." शेवटी मला सायलेन्सरशी वाकायला लावलं. किक दाबताच आतून 'सुस्स' आलं. "हेच कार्बुरेटरकडून आलं असतं तर इनटेक. हा एक्झॉस्टचा."

हेड उतरलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून गेलेली. काका एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

आता पार्किंग गप्प होत चाललंय. २०२० मध्ये चेतकसुद्धा विजेवर परतली. भाऊंनी तीच घेतली. काकांनी हौसेने टोक लावलं, मूठ कानाला. बराच वेळ डोळे मिटून उभे होते. मग स्क्रू ड्रायव्हर सदऱ्याला पुसला, "छान आहे" म्हणाले आणि कठडा धरत जिना चढून गेले. त्यांच्या तोंडून 'व्हॉल्व्ह' न आलेला तो पहिला निकाल.

त्यानंतर मी माझ्या गाडीचा टॅपेट किंचित ढिला ठेवतो. छान टकटक करते. चौथ्या किकेची वाट बघावी लागत नाही; पहिल्याच किकेला वरच्या खिडकीतून हाक येते, "थांब रे, आलो!"