जिना बंदच पडत नाही

घरातलं यंत्र बंद पडलं की वैताग येतो, हसू येत नाही. गार गिझरसमोर टॉवेल गुंडाळून ताटकळणाऱ्याला फार तर शेजारी हसतात, आणि तेही दार लावून घेऊन. म्हणूनच मूकपटांच्या काळातले आणि त्यानंतरचे ते धडपडीचे विनोदी लघुपट पाहताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. घरगुती सोयीची यंत्रं तिथे माणसांना भिजवतात, आपटतात, खिडकीबाहेर भिरकावतात. पण बंद काही पडत नाहीत. आधुनिक सोयींची टर उडवणारे चित्रपट म्हणून त्यांची बोळवण केली जाते, ती मला मान्य नाही. माझ्या मते या मंडळींनी यंत्राला निर्दोष सोडलं आहे. तिथलं यंत्र नेमून दिलेलं काम चोख करतं, आणि आपण हसतो ते त्या चोखपणालाच.

बस्टर कीटनचा १९२२ सालचा ‘द इलेक्ट्रिक हाउस’ घ्या. पदवीदानात भेंडोळ्यांची अदलाबदल होते आणि वनस्पतिशास्त्र शिकलेला कीटन एकदम विजेचा इंजिनिअर ठरतो. एक धनिक त्याच्या हाती घर सोपवून सहकुटुंब सहलीला जातो. परत येऊन बघतो तर जिना सरकता झालेला, न्हाणीचा टब रुळांवरून ये-जा करणारा, आणि जेवणाच्या टेबलावर स्वयंपाकघरातून वाढप घेऊन येणारी छोटी आगगाडी. ही गाडी घसरून जेवण ताटाऐवजी मांडीवर वाढते, तेव्हाही आलेली असते ती वेळेवरच. जिन्याचं तर विचारूच नका. माणसाला वर पोचवणं हे त्याचं काम. ते तो इतक्या तडफेनं करतो, की वर पोचलेला माणूस खिडकीतून थेट बाहेरच्या पोहण्याच्या तलावात जाऊन पडतो. घर खऱ्या अर्थानं पिसाटतं ते पुढे, ज्याची पदवी हुकली तो खरा इंजिनिअर सूड म्हणून तारांची उलटापालट करतो तेव्हा. आल्या आल्या ‘आधीच्यानं काय करून ठेवलंय हो हे!’ म्हणणारा वायरमन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग अतिशयोक्त वाटणार नाही. पडद्यामागचा पुरावाही याच बाजूचा आहे. १९२१ साली या चित्रपटाचं पहिलं चित्रीकरण चालू असताना कीटनचा बूट सरकत्या जिन्यात अडकला, घोटा मोडला आणि चित्रपट बाजूला ठेवावा लागला. मोडला तो घोटा. जिना वरच चालला होता.

थ्री स्टूजेसचा १९४० सालचा ‘अ प्लंबिंग वी विल गो’ माझ्या मते या जातीचा सर्वांत निर्मळ नमुना आहे. पोलिसाला चुकवण्यासाठी तिघं प्लंबर असल्याची बतावणी करून एका हवेलीत शिरतात. वरच्या न्हाणीघरात त्यांच्यातला कर्ली गळती थांबवायला नळीला नळी जोडत जातो आणि स्वतःभोवतीच नळ्यांचा पिंजरा उभा करतो. त्यातली एकही जोडणी ढिली नाही. फक्त जोडणारा आत आहे. पुढे खाली त्यांना नळ्यांत तारा सापडतात. तारांनी नळी तुंबली आहे, असं ठरवून ते तारा उपसतात आणि तिथून पाणी सोडतात. मग दिव्यातून पाणी, शेगडीतून पाणी. यजमानीणबाई पाहुण्यांना नव्या नवलाईचा टीव्ही दाखवत असतात आणि पडद्यावर नायगारा धबधबा असतो, तेवढ्यात पडदा फोडून खरं पाणी बाहेर येतं. प्लंबिंगच्या बाजूनं पाहिलं तर काम उत्तम झालं आहे. पाणी कुठेच अडलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे गरीब प्रेक्षकानं श्रीमंताच्या चोचल्यांना हसणं आहे, यंत्राचा चोखपणा वगैरे नंतरचं. यात तथ्य आहे. १९२० साली अमेरिकेतल्या जेमतेम एकतृतीयांश घरांत वीज होती. बाकीच्यांना विजेचा जिना आणि इंद्राचा ऐरावत सारखेच लांब. पण त्याच वर्षीच्या ‘वन वीक’मध्ये कीटनचं नवविवाहित जोडपं खोक्यांतून आलेलं, स्वतः जुळवायचं घर उभारतं. असली घरं सिअर्स कंपनी १९०८पासून कॅटलॉगवरून विकत होती आणि घेणारे सामान्य लोकच होते. एक मत्सरी प्रतिस्पर्धी खोक्यांवरचे आकडे बदलतो. कीटन आकड्यांबरहुकूम घर बांधतो, एक खिळाही मनाचा ठोकत नाही, आणि वरच्या मजल्याचं दार हवेत उघडतं. आज्ञा चुकलेली, पण अंमलबजावणी चोख. तेव्हा आक्षेप अर्धाच खरा. दुसरा आक्षेप चॅप्लिनच्या भरवण्याच्या यंत्राचा. १९३६ सालचा ‘मॉडर्न टाइम्स’ हा काही लघुपट नव्हे आणि ते यंत्र घरातलं नसून कारखान्यातलं, तरी आक्षेप वजनदार आहे, कारण ते यंत्र खरोखर बिघडतं. पण नीट पाहा. कणीस गरगर फिरतं, सूप अंगावर येतं, घासाऐवजी तोंडात लोखंडी नट जातात, आणि या सगळ्या आकांतात तोंड पुसणारा बोळा मात्र अदबीनं येऊन ओठ टिपून जातो. सबंध यंत्र बिघडूनही एवढं हसू येत नाही, जेवढं या एका न बिघडलेल्या भागाचं येतं. आजच्या यंत्रांवर तसे लघुपट का निघत नाहीत, याचं उत्तरही बहुधा इथेच आहे. ती जरा खट्टू झाली की कामच थांबवतात आणि एक सांकेतिक आकडा दाखवून स्वस्थ बसतात. आकड्यावर पाय घसरून पडता येत नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा आहे. कीटनच्याच ‘द स्केअरक्रो’मध्ये, तोही १९२०चाच, एका खोलीत राहणाऱ्या दोन मित्रांची सगळी युक्तीची यंत्रं सुरळीत चालतात. ग्रामोफोन उघडला की शेगडी. पलंग उभा केला की वाद्याची पेटी. टबातलं पाणी बाहेर बदकांच्या डबक्यात. कुणी पडत नाही, भिजत नाही, तारा कुणी बदललेल्या नाहीत, तरी हसू येतं. मग चोख यंत्र आणि चुकलेली आज्ञा हे माझं गणित इथे लंगडतं का? थोडंसं, हो. इथे आज्ञाही बरोबर आहे. पण जेवणाचा प्रसंग पाहा. मिठापासून पावापर्यंत सगळं छताला दोऱ्यांनी टांगलेलं आहे, आणि दोघं ते एकमेकांकडे नेमक्या वेळी सोडतात, नेमक्या वेळी झेलतात. यंत्र एवढंसंही चुकत नाही, म्हणून माणसांनाही चुकायची मुभा नाही. मीठ घ्यायला उठावं लागू नये म्हणून दोघांनी ही दोरीची कसरत शिकायला जेवढी मेहनत घेतली असेल, तेवढ्यात शेजारच्या गावाहून पायी जाऊन पोतंभर मीठ आणता आलं असतं.