ताशी पाच डॉलर कमावण्याची शास्त्रशुद्ध रीत

श्रीमंत होण्याच्या मार्गांवर मराठीत पुस्तकांची वाण नाही. मात्र हळूहळू, नेमाने आणि स्वतःच्याही लक्षात येणार नाही इतक्या बेताने श्रीमंत कसं व्हावं, या विषयाची आजवर उपेक्षाच झाली आहे. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

हे मार्गदर्शन प्रामुख्याने न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास राहणाऱ्या, पत्त्यांचा शौक असलेल्या, हिशोबाला चोख आणि शनिवारी घराबाहेर पडायला सबळ कारण शोधणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. अटलांटिक सिटी तिथून गाडीने दोन तासांच्या आत. भारतातल्या वाचकाला मांडवीतल्या बोटींवर पोकर मिळेल, पण ते बहुतकरून होल्डम, आणि त्यात माणूस एका डावात मोकळा होतो. आपली रीत वेगळी. लहान मर्यादेच्या सेव्हन कार्ड स्टडमध्ये तेच काम सावकाश आणि प्रतिष्ठेने पार पडतं.

खेळ समजून घ्यायला सोपा आहे. प्रत्येकाला सात पानं मिळतात: आधी दोन पालथी आणि एक उघडं, मग एकेक करून तीन उघडी, शेवटचं पुन्हा पालथं. सातांतली उत्तम पाच धरायची. एक ते पाच डॉलरच्या टेबलावर कोणत्याही फेरीत एकापासून पाच डॉलरपर्यंत लावता येतात. तीन पत्तीतल्यासारखा बूट इथे बहुधा नसतो. ज्याचं उघडं पान सर्वांत लहान, त्याने एक डॉलर टाकून डाव सुरू करायचा. दोघांकडे दुर्री असेल तर किलवरवाल्याने टाकायचा. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक हा चढता क्रम. आठ माणसं आणि प्रत्येकी सात पानं म्हणजे छप्पन्न, आणि गड्डीत बावन्नच, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलं असेलच. काळजी नको, मधेच कोणी ना कोणी पॅक करतंच. कोणीच केलं नाही तर शेवटचं एक पान मध्ये उघडं मांडून सगळ्यांनी वाटून घ्यायचं. त्या टेबलावर एवढी एकच गोष्ट वाटून घेतली जाते.

पहिली तीन पानं हाती आली की मराठी माणसाला दिवाळीत माहेरी आल्यासारखं वाटतं. घात इथेच होतो. तीन पत्तीत ट्रेल लागला की पुढे फक्त पैसे गोळा करायचे असतात. स्टडमध्ये ट्रेल हाती घेऊन तुम्ही अजून चार पानं वाट बघत बसता, आणि समोरचे गृहस्थही त्यांच्या चार पानांची वाट बघत असतात. पहिल्याच तीन पानांत ट्रेल येण्याची शक्यता ४२५ डावांत एकदा. तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे सरासरी चौदा तासांतून एकदा हा योग यायचा. तो हरण्याची तयारी पहिल्या तासापासून ठेवावी.

बाकीचा वेळ काय करायचं? पॅक करायचं. मोठी जोडी, एकाच रंगाची तीन पानं, ओळीने लागणारी मोठी पानं, एवढ्यावरच खेळायचं आणि उरलेल्या डावांत इतरांची उघडी पानं पाठ करायची. मेंढीकोट खेळताना कोणाकडे कुठलं पान उरलंय ते चहा गाळता गाळता सांगणारी आत्या प्रत्येक घरात एक असते. स्टडला तीच लागते. तुमच्या हाती तीन बदाम असतील तर सातव्या पानापर्यंत कलर जुळण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. पण समोरच्या सात उघड्या पानांत तीन बदाम दिसत असतील तर ती १२ टक्क्यांवर येते. टेबलावरच्या निम्म्या लोकांना हा फरक माहीत नसतो, त्या भांडवलावर तर आपला धंदा उभा आहे. उरलेल्या निम्म्यांना तो माहीत असतो आणि तरीही ते खेळतात, कारण बदाम त्यांना आवडतात.

अभ्यासग्रंथांची उणीव नाही. डॉयल ब्रन्सनच्या १९७८ च्या ‘सुपर सिस्टम’मध्ये स्टडचं प्रकरण चिप रीसने लिहिलं, पण तो मोठ्या टेबलांवरचा माणूस. लहान मर्यादेसाठी रॉय वेस्टचं पुस्तक आहे, त्यात बेचाळीस धडे आहेत. ताशी पाच डॉलरसाठी बेचाळीस धडे जास्त वाटत असतील तर तुमची या मार्गावरची निष्ठा अजून कच्ची आहे.

आता पाच डॉलरच का, ते पाहू. लहान टेबलावर तासाला एक मोठी बाजी, म्हणजे पाच डॉलर, सुटली तर खेळाडू उत्तम, असा जुना ठोकताळा आहे. ही रक्कम हलक्यात घेऊ नये. न्यू जर्सीत १९९३ साली कॅसिनोंना पोकर चालवण्याची मुभा मिळाली, आणि त्या वेळी राज्यातलं किमान वेतन ताशी ५.०५ डॉलर होतं. म्हणजे बेचाळीस धडे, पाठांतर आणि पोलादी संयम यांच्या जोरावर उत्तम खेळाडू बर्गरच्या दुकानात फरशी पुसणाऱ्यापेक्षा फक्त पाच सेंटांनी मागे राहत असे. पुढे २०२५ मध्ये किमान वेतन १५.४९ झालं. टेबलावरची मर्यादा तीच राहिली. परंपरा म्हणतात ती हीच.

शिवाय फरशी पुसणाऱ्याच्या पगारातून दुकानदार दर दोन मिनिटांनी वाटा काढत नाही. कॅसिनो काढतं. प्रत्येक पॉटमधून दहा टक्के, चार-पाच डॉलरच्या कमाल मर्यादेपर्यंत, डीलर टेबलाच्या फटीत सारतो. याला रेक म्हणतात. सरासरी तीन डॉलर धरले तर तीस डावांचे तासाला नव्वद. डाव जिंकणारा डीलरला एक डॉलर टिप देतो, ते आणखी तीस. तासाला एकशेवीस डॉलर टेबलावरून उठून जातात आणि परत येत नाहीत. आठ जणांनी प्रत्येकी शंभर डॉलर आणले आणि कोणी नवीन पैसे काढले नाहीत, तर सात तास पुरे व्हायच्या आत टेबलावर एकही चिप उरणार नाही आणि आठही जण हरलेले असतील. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण पाठ्यपुस्तकात घ्यायला हरकत नाही. तुमच्या वाट्याला ताशी पंधरा डॉलर खर्च येतो. पाच सुटायला हवे असतील तर टेबलावरच्या बाकीच्यांपेक्षा तुम्हाला ताशी वीस डॉलरने शहाणं असलं पाहिजे, आणि ते बाकीचे म्हणजे बहुतेक निवृत्त लोक, ज्यांना कुठेही जायची घाई नाही आणि ज्यांनी तुमच्या जन्माआधीपासून पानं टाकलेली आहेत.

समजा, आहात तुम्ही तेवढे शहाणे. मग सुरू होतो या साधनेचा गाभा, म्हणजे चढउतार. अकरावी-बारावीत प्रमाण विचलन शिकलेलं आठवत असेल. ते आयुष्यात कुठे उपयोगी पडणार, असं तेव्हा बाकावर बसून विचारणाऱ्यांसाठी हे उत्तर. ताशी सरासरी कमाई पाच डॉलर आणि ताशी प्रमाण विचलन चाळीस डॉलर मानू. तास चौपट झाले की कमाई चौपट होते, हेलकावे फक्त दुप्पट. ऐकायला छान वाटतं. चार तासांच्या एका बैठकीत अपेक्षित कमाई वीस डॉलर आणि हेलकावा ऐंशीचा, म्हणजे उत्तम खेळाडूही शंभरातल्या चाळीस शनिवारी हरून घरी येतो. शंभर तासांनंतर पाचशे डॉलर सुटायला हवेत, हेलकावा चारशेचा. अजूनही दहांतला एक उत्तम खेळाडू तोट्यातच असतो आणि आपण मूर्ख आहोत अशी त्याची खात्री झालेली असते. दहांतल्या एखाद्या मध्यम खेळाडूला त्याच काळात चांगलं घबाड मिळतं आणि आपण शहाणे आहोत अशी त्याची खात्री होते. दोघे शेजारी बसलेले असतात आणि एकमेकांना सल्ले देतात.

आपण खरंच जिंकणारे खेळाडू आहोत, असं थोड्याफार भरवशाने म्हणायचं तर कमाई हेलकाव्याच्या दुप्पट व्हायला हवी, म्हणजे २५६ तास खेळावं लागतं. दर शनिवारी सहा तास धरले तर वर्षातले बहुतेक शनिवार गेले. गणपती, दिवाळी आणि मुलांच्या शाळेचे कार्यक्रम शनिवारी आले तर वर्ष लांबेल. हाती अंदाजे १,२८० डॉलर येतील. त्यातून पेट्रोल आणि गार्डन स्टेट पार्कवेचा टोल वजा करायचा नसतो. तो प्रवासखर्च, आणि प्रवास तर माणूस आवडीने करतो.

भांडवल किती हवं, हा प्रश्न मराठी माणूस आधी विचारतो आणि ते योग्यच आहे. वरच्या आकड्यांवर, कायमचं बुडण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत ठेवायची तर सुमारे पाचशे डॉलर बाजूला ठेवावेत. कमाई ताशी पाचऐवजी एक डॉलर असेल तर तीच सुरक्षितता मिळवायला चोवीसशे लागतील. कमाई शून्याखाली असेल तर रिझर्व्ह बँकेनेही पाठीशी उभं राहून उपयोग नाही. तुम्ही या तिन्हींपैकी कुठल्या गटात आहात ते २५६ तासांनी कळेल. पैसे आधी लागतात.

म्हणून वही. दर बैठकीची तारीख, तास, निकाल आणि कारण असे चार रकाने आखावेत. नवशिके पहिल्या तीनवर वेळ घालवतात. खरा रकाना चौथा आहे. जिंकलात तर तिथे ‘संयम’, ‘अचूक वाचन’ किंवा ‘अभ्यास’ लिहावं. हरलात तर ‘पत्ते’. पोकररूमकडे जाताना वाटेत स्लॉट मशीनने गिळलेले वीस डॉलर वहीत येत नाहीत, कारण तो पोकर नव्हता. जेवणानंतर ब्लॅकजॅकच्या टेबलावर गेलेले साठही येत नाहीत, कारण ते आपण विसरलेलो असतो. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून टाकतो: नीट ठेवलेली अशी वही आजवर तोट्यात गेलेली नाही.

घरी सांगायची भाषा वेगळी. ‘थोडा वर आहे’ म्हणजे अकरा डॉलर. ‘बरोबरीत सुटलो’ म्हणजे साठपर्यंतचा तोटा. ‘टेबल फार छान होतं’ म्हणजे शंभराच्या पुढे. ‘भूक नाही’ म्हणजे पुढचं विचारू नये.

हरलेल्या डावाची हकिकत सांगणं ही तर स्वतंत्र कला आहे. तिला बॅड बीट म्हणतात आणि ती टेबलावर, पार्किंगमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतराच्या वेळी, कुठेही सांगता येते. हकिकतीत तुमच्याकडे पहिल्याच तीन पानांत तीन राजे असावेत. समोरच्या माणसाकडे चौक्यांची जोडी असावी आणि त्याने प्रत्येक फेरीत पाच डॉलर टाकताना घड्याळाकडे पाहिलेलं असावं. शेवटच्या पालथ्या पानावर त्याला पंजी मिळते आणि त्याची दुर्री ते छक्कीची ओळ पुरी होते. पानांच्या नावांत गडबड करू नये. ऐकणाराही खेळाडू असेल तर तो तेवढंच ऐकतो, आणि मनात स्वतःच्या हकिकतीची जुळवाजुळव करत असतो. तुम्ही ‘अरेरे’ची वाट पाहावी, तो मिळताच थांबावं. उलट गोष्ट, म्हणजे आपल्या दुर्री ते छक्कीने कोणाचे तरी तीन राजे मारले ती, सांगायची प्रथा नाही. तो संयम असतो आणि त्याची नोंद वहीत झालेली असते.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींबद्दल दोन शब्द, कारण विचारणा फार होते. पेय फुकट आहे. आणणाऱ्या बाईंना दर वेळी एक डॉलर द्यावा. बसल्याबद्दल कॅसिनो ताशी एखादा डॉलर जेवणाच्या खात्यात जमा करतं, म्हणजे दोन शनिवार बसलात की सँडविच. असं सँडविच खाणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान विकत मिळत नाही, साधारण दीडशे डॉलरच्या खाली तर नाहीच.

या मार्गात एकच खरी अडचण आहे: टेबल सापडत नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोकर म्हणजे स्टडच होतं, आणि अटलांटिक सिटीत समुद्राकाठच्या फळ्यांच्या रस्त्यावर, दगडी हत्तींच्या मागे उभ्या असलेल्या ट्रम्प ताजमहालात त्याची टेबलांमागून टेबलं लागायची. (आग्र्याच्या ताजमहालातून माणूस भारावून बाहेर येतो. इथून हलका होऊन.) मग २००३ साली मनीमेकर आडनावाचा टेनेसीतला एक अकाउंटंट छोट्या ऑनलाइन स्पर्धेतून पुढे येत ८३९ जणांत पहिला आला आणि होल्डममध्ये पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. टीव्हीवर ते पाहिल्यावर तासाला पाच डॉलरचं आकर्षण तरुणांना उरलं नाही. तो ताजमहाल २०१६ मध्ये बंद पडला. हल्ली कुठल्या तरी पोकररूमच्या कोपऱ्यात स्टडचं एखादं टेबल लागतं, तेव्हा फोन करून खात्री करून जावं, आणि सत्तरीच्या खालच्या माणसाने खुर्ची आदराने ओढावी.

शेवटी कर. तो वगळून केलेलं मार्गदर्शन अपुरं राहील. अमेरिकेत जुगारातली जीत हे उत्पन्न आहे, आणि हरलेले पैसे फक्त जिंकलेल्यातून वजा होतात, तेही तुम्ही वजावटींची तपशीलवार यादी जोडलीत तर. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याप्रमाणे २०२६ पासून हरलेल्या रकमेचा ९० टक्के भागच वजा करता येतो. म्हणजे वर्षभरातल्या चांगल्या बैठकांत मिळून तुम्ही १०,००० डॉलर जिंकलात, वाईट बैठकांत १०,००० हरलात, आणि वही शून्यावर मिटवलीत, तरी १,००० डॉलर करपात्र उत्पन्न धरलं जाईल. तुम्ही जिंकणारे खेळाडू आहात हे मान्य करायला टेबलावरचं कोणी तयार नसलं तरी अमेरिकेचं करखातं तयार आहे. विवरणपत्राची तारीख १५ एप्रिल.