जाताना लोखंड, येताना पापड

बोब्लिंगेन, जर्मनी
ज्येष्ठ महिना

तीर्थस्वरूप मामंजी व सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की व्हिडिओ कॉलवर हल्ली तुमची भेटच होत नाही. भाऊजी फोन उचलतात, कॅमेरा पडवीकडे वळवतात आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यांच्या मशीनची गँट्री बघतो. गेल्या रविवारी आईंचा नुसता आवाज आला, ‘जेवलात का?’ एवढाच, आणि तोही ड्रिल थांबल्यावर. पत्रात भाऊजींना मध्ये बोलता येत नाही, हा त्याचा मोठाच फायदा.

इकडे सगळे खुशाल आहोत. मुलांच्या शाळेला अजून सुट्टी लागायची आहे. तुमच्या थोरल्या चिरंजीवांची तब्येत उत्तम. फक्त कर्जतला लाकूड कोरायचं आठ बाय चार फुटांचं राउटर मशीन बनतंय हे कळल्यापासून जेवताना बेअरिंग, कपलिंग आणि लीड याशिवाय बोलणं नाही. भिंतीत खिळा ठोकायचा असला की अजूनही मलाच हाक मारतात, तो भाग वेगळा. यंत्राचे भाग मोजून पास-नापास करणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण सल्ला द्यायचा तो भावाने भावाला, आणि वहिनीने बॅग भरायची, अशी आपल्याकडे कामाची वाटणी ठरलेली दिसते.

बॅगेचं सांगायलाच हवं. भाऊजींच्या यादीत वीस मिलिमीटरच्या लिनिअर रेल होत्या, बॉलस्क्रू होते, वायरी वाहून नेणारी ड्रॅग चेन होती आणि स्पिंडल होता. रेल तैवानच्या हायविनच्या, त्यांचं इथलं ऑफिस ऑफेनबुर्गला. चेन कोलोनच्या इगसची. बॉलस्क्रू आणि स्पिंडल मात्र अस्सल चिनी. २०२० साली अलीएक्सप्रेसवर आपल्याकडे बंदी आली, तेव्हा भाऊजींनी हा मार्ग शोधला: माल चीनहून निघून जर्मनीला यायचा, आमच्या तळघरात थोडा विसावायचा, मग विमानाने मुंबई आणि तिथून कर्जत लोकलने घरी. चीन आपल्या शेजारी आहे, हे त्या बिचाऱ्या स्क्रूला कुणी सांगितलं नाही.

रेलचं वजन मीटरला सव्वादोन किलो. लांबीच्या दोन आणि आडव्या दोन मिळून आठ मीटर, म्हणजे नुसत्या पट्ट्याच अठरा किलो. एका बॅगेला परवानगी तेवीस किलोची, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची. अडीच मीटरची रेल काही त्यात बसत नाही. म्हणून त्या जोडाच्या, दोन-दोन तुकड्यांत मागवल्या आणि सव्वा मीटरच्या नळकांड्यात भरल्या. उरलेल्या पाच किलोंत चार माणसांचे कपडे. मुलांनी महिनाभर कर्जतला तेच ते शर्ट का घातले, असं आईंनी विचारलं होतं ना? हे त्याचं उत्तर.

मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या साहेबांनी नळकांडं उघडायला लावलं. ‘हे काय आहे?’ असा साधा प्रश्न. तुमच्या चिरंजीवांनी १९५२ पासून सुरुवात केली. अमेरिकेत पार्सन्स नावाच्या माणसाला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळणदार आकार बिनचूक काढायचे होते. ते काम पुढे एमआयटीकडे गेलं. त्यांनी भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालणारं मिलिंग मशीन करून दाखवलं. त्याच्या नियंत्रणाची कपाटंच जवळजवळ मशीनएवढी होती. पार्सन्स ते पॅरलल पोर्ट असा प्रवास अर्ध्यावर आला असताना साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही सांगा.’ मी म्हटलं, ‘लाकूड कोरायच्या मशीनच्या पट्ट्या आहेत. बिल हे घ्या.’ ड्युटी भरली आणि निघालो. मागच्या रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे फार कृतज्ञतेने पाहिलं.

आता मुख्य मुद्दा. भाऊजी रागावतील, म्हणून तुम्हालाच लिहिते. पैसा गेला तो परदेशी मालावर, आणि काटकसर झाली ती सांगाड्यावर. लोखंड कळंबोलीच्या बाजारातून आलं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. नटबोल्ट नागदेवीचे, कॉन्टॅक्टर आणि केबल लोहार चाळीतली, पॉवर सप्लाय लॅमिंग्टन रोडचा, सगळा चोख माल. पण शिळफाट्याला चौकोनी पाइपांचं वेल्डिंग करताना घाई केली. एका बाजूने सलग बीड ओढत नेलं की लोखंड गार होताना त्या बाजूला खेचलं जाणारच. मामंजी, तुम्ही मुस्कोच्या कारखान्यात उभा जन्म पोलादात काढलात. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की आधी चहूकडून टाके मारा, मग थोडं इथे, थोडं समोर असं आलटून पालटून वेल्डिंग करा. ‘बाबा, ते जुन्या काळातलं’ असं तुम्हाला ऐकावं लागलं. लोखंडाला जुना काळ नवा काळ कळत नाही. सांगाडा वाकायचा तो वाकलाच.

रेल महाग असली तरी स्वतःच्या बळावर सरळ राहत नाही. जिथे बोल्टने आवळाल, तिथला बाक ती निमूट घेते आणि वर मशीन जाम करते. दोन रेल एकमेकींना समांतर हव्यात त्या मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत. आपल्या फॅब्रिकेटरचं माप सुताचं. इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्तच. ‘वहिनी, अर्ध्या सुतात बसवलंय!’ असं तो अभिमानाने म्हणाला. त्याच्या धंद्यात ते खरोखर उत्तम काम आहे. गेट आणि जिने अर्ध्या सुतात बसले तर लोक खूश होतात. मी काय बोलणार?

ही भानगड उघडकीला आणली ती सुतारकाकांनी, हे भाऊजींनी तुम्हाला सांगितलेलं नसणार. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिकडे होतो तेव्हाची गोष्ट. भाऊजी लॅपटॉप उघडून बसले होते, तुमचे थोरले डायल गेज उलटं धरून बसले होते. सुतारकाका पान खात आत आले. खिशातून दोरी काढली, सांगाड्याच्या एका कोपऱ्यावर अंगठ्याने दाबली, समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि जिथे टेकली तिथे नखाने चिमटीत पकडली. मग तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली. नख कोपऱ्यापासून चांगलं बोटभर अलीकडे राहिलं. काकांनी पिचकारीसाठी जागा शोधली, आईंचा चेहरा पाहून बेत रद्द केला आणि निकाल दिला, ‘पाच सूत. चौकट नाही हो, पतंग झालाय.’ मी नोकरीत ज्या मापनयंत्रावर काम करते ते गारठवलेल्या खोलीत, ग्रॅनाइटच्या ओट्यावर असतं. समोरासमोरच्या बाजू आणि दोन्ही कर्ण सारखे तर चौकट काटकोनात, हे ज्ञान मात्र तिथेही तेच आणि दोरीतही तेच.

उपाय सोपा आहे, फक्त चिकाटीचा आहे. जोड कापून सांगाडा काटकोनात आणायचा, पुन्हा टाके मारायचे, मग रेलखालच्या जागेत पातळ इपॉक्सी ओतून तिची ती सपाट होऊ द्यायची, आणि उरलेल्या फरकाला पत्र्याचं पॅकिंग. हे काम मामंजींच्या देखरेखीखाली व्हावं. भाऊजींनी त्या वेळी नेरळला एखादं काम काढावं.

दुसरं लांब स्क्रूचं. अडीच मीटरचा सोळा मिलिमीटरचा बॉलस्क्रू जोरात फिरवला की मधोमध थरथरायला लागतो. मागच्या कॉलवर जो घर्रर्र आवाज येत होता तो मोटरचा नव्हे, स्क्रूच्या पोटाचा. लांबी दुप्पट केली की त्याला झेपणारे फेरे चौथ्या हिश्श्यावर येतात. म्हणून लांबीच्या बाजूला रॅक आणि पिनियन लावावं. रॅक मीटर-मीटरच्या तुकड्यात मिळतं, बॅगेत बसतं आणि पुण्यातही मिळतं. यातलं तिसरं कारण मला सर्वांत आवडलं.

आई, तुम्ही ‘हळू चालव रे, हळू चालव’ म्हणता ते मोटारसायकलला लागू. इथे उलटं आहे. बिटाला दोन पाती, मिनिटाला अठरा हजार फेरे, आणि दर पात्याने दशांश मिलिमीटरचा छिलका काढायचा तर मशीन मिनिटाला साडेतीन मीटरच्या वर पळायला हवं. भाऊजींनी तुमचं ऐकून अर्ध्या मीटरवर आणलं. मग पातं कापत नाही, नुसतं घासतं. छिलका गरम होऊन बाहेर पडायच्या ऐवजी बिटच तापतं आणि सागवान करपतं. परवा जळका वास आला म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात धावलात आणि गॅस बंद केलात, तो वास पडवीतून येत होता. आमटीचा काही दोष नव्हता.

पडवीत कर्जत-३ च्या भाताची पोती आहेत ती मात्र हलवा. भात तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे ड्रॅग चेनमधल्या वायरी. शिवाय पाऊस तोंडावर आलाय. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात मशीनचा एमडीएफचा बेड फुगतो. आज सपाट केलेला आठवड्याने पुन्हा तासावा लागेल. रेलला तेलाचा हात रोज फिरवायचा, नाहीतर तैवानची पट्टी श्रावणाआधी तांबूस.

विजेचंही आहेच. खोपोलीत १९१५ पासून आणि भिवपुरीला १९२२ पासून पाण्यावर वीज तयार होते. ती पहिल्यांदा गेली मुंबईच्या गिरण्यांना. दोन वीजघरांच्या शेजारी राहून आपण मेणबत्तीचं पाकीट जवळ ठेवतो, ही आपल्या घराची परंपरा. वीज गेली की स्टेपर मोटर आपण कुठे होतो ते साफ विसरते. म्हणून दोन्ही बाजूंना होमचे सेन्सर लावल्याशिवाय कोरीव काम सुरू करू नये. वीज आल्यावर अंदाजाने पुढे चालवलं तर अर्धा मोर इकडे आणि पिसारा तिकडे.

खर्चाबद्दल मी कुरकुर केली तेव्हा तुमच्या थोरल्यांनी दाखला दिला नेरळ-माथेरानच्या गाडीचा. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी खासगी हौसेने ती १९०७ मध्ये पुरी केली. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेलची, डोंगर आपला. ‘परदेशी इंजिन आणि इथली मेहनत, आपल्या तालुक्यात हे शंभर वर्षांपूर्वीच झालंय,’ असं म्हणाले. मग पुढचं वाक्य जरा मोठ्याने: ‘आणि सोळा लाख रुपये वडिलांनी दिले.’ मामंजी, फोनवर हा विषय निघाला तर तुम्हाला ऐकू येत नाही असं सांगा.

भाऊजींचा धंद्याचा हिशेब मात्र चुकीचा नाही, हे मान्य करते. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरवाले एमडीएफ आणि प्लायवूडकडे वळले. आता एका आठ बाय चार शीटमधून कमानी, खांब, जाळ्या कापून सुट्या देता येतात. खालापूरच्या बाजूला शेतघरं उठतायत, त्यांना दारावर वेलबुट्टी हवीच असते. गिऱ्हाईक आहे. पण गोल फिरणाऱ्या बिटाने आतला कोपरा कधीच काटकोनात निघत नाही. सहा मिलिमीटरचं बिट असेल तर तीन मिलिमीटरची गोलाई राहते, आणि ती काढायला पटाशीच लागते. म्हणजे सुतारकाका लागतात. त्यांना रोजावर नव्हे, भागीत घ्या. एवढ्या मशीनमध्ये आजवर एकच माप बरोबर निघालंय, आणि ते त्यांच्या दोरीचं.

आणखी एक, यात थट्टा नाही. लाकडाची धूळ कर्करोग करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने केव्हाच नोंदवून ठेवलंय. एमडीएफची तर पिठासारखी बारीक, आणि त्यात डिंकाची रसायनं. धूळ ओढणारं यंत्र बसेपर्यंत एमडीएफ कापू नये. तोंडाला पदर किंवा रुमाल पुरत नाही, चांगले मास्क मी पाठवते आहे. मशीन बंद करायचं लाल बटण भाऊजींनी सांगाड्याच्या मागे, भिंतीकडे लावलंय, तिथे पोहोचायला मशीनवरून हात घालावा लागतो. ते काढून स्वयंपाकघराच्या दाराशी, आईंच्या हाताला येईल असं लावा. दाबायचा अधिकार आईंचा, आणि कारण सांगायची सक्ती नाही.

आम्ही गणपतीला येतोय. परतताना पोह्यांचे पापड, कुरडया आणि मेतकूट न्यायचं आहे, त्यासाठी एक पूर्ण बॅग रिकामी ठेवणार. भाऊजींच्या पुढच्या यादीत मीटरपेक्षा लांब आणि पाच किलोपेक्षा जड काही नको. आणि यंदा कुणाच्याही मखराची ऑर्डर घेऊ नये. आपल्या घरचं मखर सुतारकाकांकडूनच करून घ्या, मशीनचं पुढच्या वर्षी बघू.

आपली,
थोरली सून